या चुका टाळा: शोधनिबंधाचा सिमिलॅरिटी रिपोर्ट वाचताना

तुमच्या निबंधातला किती मजकूर इतर लेखनाशी जुळतो हे सांगणारा हा रिपोर्ट आला की नजर आधी टक्केवारीवर जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. आयथेंटिकेट किंवा टर्निटिन यांसारखं तपासणीचं सॉफ्टवेअर वाङ्मयचौर्य पकडत नाही, फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. चोरी झाली की नाही, हे संपादक वाचून ठरवतो. २२ टक्के साम्य असलेला निबंध निर्दोष असू शकतो, कारण त्यात संदर्भसूची आणि ठरावीक वाक्यरचनाही मोजलेल्या असतात. उलट ६ टक्केच साम्य असलं, पण ते सगळं एकाच निबंधातून चर्चेच्या भागात सलग उतरलेलं असलं, तर प्रकरण गंभीर आहे. म्हणून संदर्भसूची आणि अवतरणं वगळण्याची सेटिंग लावा आणि एकेका स्रोताशी जुळलेला मजकूर उघडून वाचा.

आकडा एकदम नव्वदीच्या पुढे गेला? बहुधा तुमचाच आधीचा मसुदा तपासणीच्या वेळी रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मजकूर-साठ्यात, जमा झाला आहे. संस्थेचं या सॉफ्टवेअरचं खातं सांभाळणाऱ्यांना तो काढायला सांगा. पुढच्या वेळी ‘साठवू नका’ हा पर्याय निवडा. साम्य स्वतःच्याच प्रीप्रिंटशी (नियतकालिकात छापण्याआधी ऑनलाइन ठेवलेल्या प्रतीशी) असेल, तर संपादकाला पत्रात तसं कळवा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आकडा उतरवायला शब्द बदलणारं टूल वापरणं. २०२१ मध्ये गियोम कॅबानॅक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी अशा मोडतोड झालेल्या शब्दप्रयोगांचा माग काढला. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’! रुग्णाच्या आजाराचं नावच असं बिघडत असेल, तर त्या संशोधनावर कोणी का विसंबावं? शिवाय शब्द बदलले तरी कल्पना दुसऱ्याचीच राहते, तिचा संदर्भ द्यावाच लागतो. मूळ निबंध मिटून ठेवा, मुद्दा आपल्या शब्दांत मांडा, मग मूळ उघडून तपशील ताडून पाहा. हाच खरा उपाय, वेळ लागला तरी.

स्वतःच्या जुन्या निबंधातली कार्यपद्धती थोडीफार पुन्हा येणं अनेक संपादक समजून घेतात. पण त्या निबंधाचा संदर्भ हवा. निष्कर्ष मात्र नवे म्हणून पुन्हा छापू नका.

आणि शून्य टक्के आले म्हणून निश्चिंत होऊ नका. दुसऱ्या भाषेतून अनुवादून घेतलेला मजकूर या तपासणीतून सहज निसटू शकतो, आकृत्या तर ती पाहतच नाही. प्रकाशित आकृती वापरायची तर स्रोताचा उल्लेख कराच. खुला परवाना नसेल तर हक्कधारकाची लेखी परवानगीही निबंध पाठवण्याआधीच मिळवा.