स्वप्नांची वही लिहिताय? या चुका टाळा

स्वप्नांची वही मोठ्या हौशीने सुरू होते आणि बऱ्याचदा काही दिवसांतच बंद पडते. कारण विचारलं तर दोनपैकी एक उत्तर मिळतं: "मला स्वप्नंच पडत नाहीत," नाहीतर "लिहिली, पण त्यातून काही कळलं नाही." पहिली अडचण सकाळच्या सवयींनी सुटते. दुसरी जास्त खोल आहे, कारण ती अर्थ लावण्याच्या घाईतून येते.

स्वप्नं पडत नाहीत असं समजणं

स्वप्नं पडतात, आठवत नाहीत इतकंच. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. याच अवस्थेला आज आपण रेम झोप म्हणतो. त्या टप्प्यात माणसाला उठवलं, तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो, आणि त्यात "मला कधीच पडत नाहीत" म्हणणारेही असतात.

झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि रात्र सरते तसा त्यातला रेमचा टप्पा लांबत जातो. म्हणजे सर्वांत लांब स्वप्नं पहाटे पडतात. रात्री उशिरा झोपून सकाळी गजराने ओढून उठवलं, की नेमका हाच भाग कापला जातो. मद्यामुळेही रात्रीच्या पूर्वार्धातली रेम झोप दबते. नैराश्यावरच्या काही औषधांचाही तसा परिणाम होतो; मात्र वहीसाठी कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

जाग येताच हालचाल करणं

वहीचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. रेम झोपेत मेंदूतलं नॉरॲड्रेनालिन हे रसायन अगदी कमी झालेलं असतं, आणि स्वप्नं पटकन पुसली जाण्याचं ते एक कारण मानलं जातं. त्यात आपण कूस बदलतो, फोन हातात घेतो, आलेले निरोप वाचतो. नव्या गोष्टी डोक्यात शिरतात आणि धूसर झालेलं स्वप्न पार हरवतं.

जाग आल्यावर डोळे मिटलेलेच ठेवा आणि ज्या कुशीवर आहात त्याच कुशीवर थांबा. शेवटचं दृश्य धरा आणि "याच्या आधी काय होतं?" असं विचारत मागे मागे जा. मग आधी फक्त चार-पाच शब्द उतरवा: "जिना, ओला कोट, आईचा आवाज, उशीर." सविस्तर नंतर लिहिता येतं. फोनवरच लिहायचं असेल, तर रात्री झोपण्याआधी कोरं पान उघडून इंटरनेट बंद करून ठेवा.

काहीच आठवलं नाही तर? पान कोरं सोडू नका. "स्वप्न आठवत नाही, पण उठले तेव्हा छातीत धडधड होती," हीसुद्धा पूर्ण नोंद आहे. काही दिवस मनःस्थिती लिहीत राहिलं की हळूहळू दृश्यंही हाती लागू लागतात. पण त्यासाठी मध्यरात्री मुद्दाम गजर लावून उठू नका. झोप मोडून भरलेली वही काय कामाची?

स्वप्नाची नीट गोष्ट करणं

स्वप्न तुटक असतं. घर शाळा होतं, मित्राचा चेहरा भावाचा होतो. लिहिताना आपण नकळत "मग", "त्यामुळे", "अखेर" घालून सगळं जुळवून टाकतो. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड यानेही या जुळवाजुळवीकडे लक्ष वेधलं होतं. जिथे दुवा आठवत नाही तिथे सरळ "इथे तुटलं" असं लिहा. वर्तमानकाळात लिहा: "मी जिना उतरतेय, पायऱ्या संपत नाहीत." विचित्र भाग गाळू नका, पुढे बहुधा तेच उपयोगी पडतात. लाजिरवाणे भागही गाळू नका. कोणी वाचेल या धास्तीने लिहिलेल्या वहीत आपणच आपल्याला सापडत नाही, म्हणून ती कुलपात ठेवा.

स्वप्नकोशात अर्थ शोधणं

साप म्हणजे अमुक, दात पडणं म्हणजे तमुक, अशा याद्या आत्मशोधाच्या आड येतात असं माझं ठाम मत आहे. सापांवर अभ्यास करणाऱ्याच्या स्वप्नातला साप आणि लहानपणी साप चावलेल्याच्या स्वप्नातला साप एकच कसे असतील? स्वप्नातल्या प्रत्येक ठळक गोष्टीपुढे तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं ते लिहा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: स्वप्नात जसं वाटलं, तसं मला जागेपणी कुठे वाटतं?

दुसरी गोष्ट, एकाच स्वप्नावरून निष्कर्ष काढू नका. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगही सुट्या स्वप्नापेक्षा स्वप्नांच्या मालिकेला जास्त महत्त्व देत असे. कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली स्वप्नांतली पात्रं, भावना, भांडणं, मदत हे सगळं मोजण्याची पद्धत मांडली. त्याचं साधं रूप घरीही जमतं. वीस-तीस स्वप्नं साठली की एका बैठकीत वाचा आणि मोजा: कोण वारंवार येतं? मी पळते, लपते, की समोर उभी राहते? मदत मागते का?

समजा, उशीर होण्याची बरीच स्वप्नं सापडली. सुटं वाचलं तर "कामाचा ताण" म्हणून विषय संपतो. पण एकत्र वाचताना दिसतं, की प्रत्येक वेळी उशीर दुसऱ्या कोणाचं तरी काम करता करता झालाय आणि एकदाही "नाही" म्हटलेलं नाही. ही ओळख कोणत्याही कोशात मिळाली नसती.

दिवसाची नोंद न ठेवणं

मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपण म्हणतोच. पण मनी काय होतं तेच लिहिलेलं नसेल, तर ताडून कशाशी पाहणार? रात्री झोपताना दिवसाबद्दल दोन ओळी आणि तारीख पुरते. काही अभ्यासांत असंही दिसलंय, की एखादी घटना त्याच रात्री आणि पुन्हा पाच ते सात दिवसांनी स्वप्नात डोकावते. तेव्हा फक्त कालच्या पानावर थांबू नका, आठवडाभर मागे जा.

स्वप्नाला पुरावा मानणं

जोडीदाराने स्वप्नात फसवलं म्हणून सकाळी जाब विचारू नका. त्या स्वप्नातून कळते ती तुमची भीती, त्याचं वागणं नव्हे. तसंच, स्वप्नात दिसलेला बालपणीचा प्रसंग खरोखर घडलाच होता, असंही धरून चालू नका.

भयस्वप्नं नुसती लिहीत राहणं

तेच भयस्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, तर ते दिवसाउजेडी लिहा, हवं तसं बदला आणि बदललेलं रूप रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणा. या पद्धतीवर मानसोपचारात चांगलं काम झालं आहे. मागे मोठा आघात असेल, तर हे एकट्याने करू नका, तज्ज्ञांच्या सोबतीने करा.

आणि स्वप्नाबरोबर खरोखरच हातपाय झाडले जात असतील, ओरडणं होत असेल, शेजारी झोपलेल्याला लागत असेल, तर तो वहीचा विषय राहत नाही. रेम झोपेत स्नायू एरवी शिथिल असतात. ते तसे राहत नसतील तर डॉक्टरांना दाखवायला हवं. जाताना वहीतल्या त्या रात्रींच्या नोंदी सोबत न्या, कारण हे कधीपासून आणि किती वेळा होतंय, हे ते विचारतीलच.