थंड प्रदेशातील जुन्या घरांत गॅरेजच्या दरवाजाचे झिजलेले भाग कसे बदलावेत

कडाक्याच्या थंडीत सकाळी गॅरेजचा दरवाजा अर्ध्यावर अडकला किंवा करकरत वर जाऊन पुन्हा खाली आला, की संशय बहुधा छताला टांगलेल्या मोटरवर जातो. नवी मोटर बसवली जाते आणि पुढच्या हिवाळ्यात तीही त्याच जागी कण्हू लागते. याचे कारण असे की दरवाजाचे वजन मोटर उचलतच नाही. ते वजन स्प्रिंगा तोलून धरतात आणि तोललेला दरवाजा मोटर केवळ वर-खाली सरकवते. जुन्या घरात हा तोल बिघडण्याची कारणे एकत्र येतात: स्प्रिंग वयोमानाने सैलावलेली असते, लाकडी दरवाजाने ओल शोषल्यामुळे त्याचे वजन वाढलेले असते आणि थंडीने घट्ट झालेल्या वंगणामुळे रुळांतून धावणारे रोलर, म्हणजे छोटी चाके, फिरायचे सोडून घसटू लागलेले असतात. म्हणून कोणताही सुटा भाग विकत आणण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे तपासण्यात अर्धा तास घालवणे शहाणपणाचे ठरते.

येथील विवेचन आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडून केलेल्या आणि दोन्ही बाजूंच्या रुळांतून छताखाली सरकणाऱ्या दरवाजांपुरते आहे. काही फार जुन्या घरांत एकसंध दरवाजा असतो आणि तो खालून बाहेर येत वर उचलला जातो. त्याची रचना वेगळी असल्याने पुढील कृती त्याला जशीच्या तशी लागू होत नाही.

आधी तोल तपासावा

दरवाजा पूर्ण बंद असताना मोटरचा संबंध तोडावा. त्यासाठी मोटरच्या पट्टीवरून लोंबणारी दोरी, जिला बहुधा लाल मूठ असते, ती खाली ओढावी. दरवाजा उघडा असताना ही दोरी ओढू नये, कारण स्प्रिंग तुटलेली असल्यास संपूर्ण दरवाजा एकदम खाली कोसळतो. आता दोन्ही हातांनी दरवाजा सावकाश कमरेपर्यंत उचलावा आणि पकड हळूच सैल करावी. तोल ठीक असेल तर तो तिथेच थांबतो किंवा जरासाच हलतो. तो खाली येऊ लागला तर स्प्रिंग कमजोर आहे, आपोआप वर जाऊ लागला तर ताण जास्त आहे, आणि मुळात उचललाच जात नसेल तर स्प्रिंग तुटलेली असण्याचा संभव मोठा असल्याने तिथेच थांबावे. तोल ठीक असूनही वाटेत एखाद्या ठिकाणी दरवाजा अडखळत असेल, तर दोष रोलर, बिजागरी किंवा रुळात शोधावा.

ही चाचणी थंडीच्या दिवशीच घ्यावी. उन्हाळ्यात तोललेला वाटणारा लाकडी दरवाजा पावसाळी शरदानंतर किती जड झाला आहे, हे त्याशिवाय कळत नाही.

ताण कुठे आहे ते ओळखावे

या कामातील सर्वांत महत्त्वाचा भेद अवघड आणि सोपे असा नसून ताणाखाली असलेले भाग आणि ताणाखाली नसलेले भाग असा आहे. दरवाजा बंद असताना स्प्रिंगांत सर्वाधिक शक्ती साठलेली असते आणि ती पोलादी तारेच्या केबलमार्गे दरवाजाच्या अगदी तळाच्या दोन कोपऱ्यांवरील पत्र्याच्या ब्रॅकेटपर्यंत पोहोचलेली असते. या ब्रॅकेटचे स्क्रू इतर स्क्रूंसारखेच दिसतात, आणि धोका नेमका इथेच आहे: गंजलेला तुकडा बदलावा म्हणून ते सैल केले, तर ब्रॅकेट केबलसह उसळते आणि हात किंवा चेहरा गंभीर जखमी करू शकते. तळाचे ब्रॅकेट, केबल, केबल गुंडाळणारे ड्रम आणि स्प्रिंगा एवढे भाग ताणाखालचे म्हणून वेगळे समजावेत. उरलेले बहुतेक भाग घरातील माणसाला बदलता येतात.

दरवाजाच्या वरच्या आडव्या दांड्यावर गुंडाळलेली स्प्रिंग ही पिळाची, म्हणजे टॉर्शन स्प्रिंग होय. साधारण २.१ मीटर उंचीच्या दरवाजासाठी तिला सुमारे साडेसात पूर्ण फेरे पीळ दिलेला असतो. हा पीळ सोडण्यासाठी आणि पुन्हा भरण्यासाठी ठरावीक मापाचे पोलादी गज लागतात. त्यांच्या जागी स्क्रूड्रायव्हर खुपसणाऱ्यांना भीषण दुखापती झालेल्या आहेत. हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि काटकसरीचा विचार इथे करू नये.

दुसरा प्रकार आडव्या रुळांच्या बाजूने लांबणाऱ्या स्प्रिंगांचा. जुन्या घरांत हाच अधिक आढळतो. या स्प्रिंगा दरवाजा पूर्ण उघडल्यावर सैल पडतात, त्यामुळे त्या तुलनेने सुरक्षितपणे बदलता येतात. मात्र दरवाजा वर नेल्यावर त्याच्या खालच्या कडेखाली दोन्ही रुळांवर मजबूत क्लॅम्प आवळून तो खाली घसरणार नाही, याची खात्री करावी, मोटरचा प्लग काढून ठेवावा आणि स्प्रिंग हाताला खरोखर सैल लागल्याशिवाय तिचा हूक काढू नये. या स्प्रिंगांच्या टोकावरील रंग त्या किती वजनाच्या दरवाजासाठी आहेत, हे सांगतो. रंग उडालेला असेल किंवा दरवाजावर पुढे जाड रंगाचे थर, आतून बसवलेले उष्णतारोधक तक्ते अशी भर पडलेली असेल, तर अंदाजाने स्प्रिंग न आणता दरवाजाचे वजन मोजून घ्यावे. शिवाय प्रत्येक स्प्रिंगच्या पोकळीतून एक सुरक्षा तार ओवून तिची दोन्ही टोके पक्की बांधावी लागतात, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी तिचे तुकडे गॅरेजभर भिरकावले जात नाहीत. जुन्या घरांत ही तार पुष्कळदा नसतेच. बाकी काही बदलायचे नसले तरी ती बसवून घ्यावी.

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात. सर्वसाधारण स्प्रिंगेचे आयुष्य सुमारे १०,००० उघडझापींचे धरले जाते, म्हणजे दिवसातून चार वेळा दरवाजा वापरणाऱ्या घरात जेमतेम सात वर्षांचे. एक तुटली की तिच्याच वयाची दुसरीही त्याच उंबरठ्यावर उभी असते. त्या बहुधा कडक थंडीच्या सकाळी तुटतात, कारण थंडीत पोलाद ठिसूळ होते आणि गंजाने पडलेली बारीक चीर तेवढ्याने पुरती उघडते.

रोलर आणि बिजागऱ्या

घरच्या घरी करता येणाऱ्या कामांपैकी सर्वांत जास्त फरक या कामाने पडतो. चार फळ्यांच्या दरवाजाला एकूण दहा रोलर असतात. त्यांपैकी तळाचे दोन वर सांगितलेल्या ब्रॅकेटमध्ये असल्याने ते सोडून द्यावेत आणि स्प्रिंग बदलण्यासाठी कारागीर येईल तेव्हा त्याच्याकडूनच बदलून घ्यावेत. उरलेले आठ दरवाजा बंद ठेवून बदलता येतात. जुने पोलादी रोलर थंडीत खडखडतात आणि त्यांच्या उघड्या बेअरिंगमध्ये, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी शिरून ते जाम होतात. त्यांच्या जागी बंदिस्त बेअरिंग असलेले नायलॉनचे रोलर घ्यावेत. बेअरिंग नसलेले स्वस्त प्लॅस्टिकचे रोलर घेणे म्हणजे दोन वर्षांनी हेच काम पुन्हा करणे होय. खरेदीपूर्वी चाकाचा व्यास आणि दांडीची लांबी जुन्या रोलरवरून मोजावी. घरगुती दरवाजांत चाक बहुधा ५ सेंटीमीटरचे असते, पण दांडीची लांबी मात्र दरवाजागणिक बदलते.

एका वेळी एकच बिजागरी सोडावी. स्क्रू काढून बिजागरी दरवाजापासून मोकळी केली की रोलर रुळातून तिरपा करून बाहेर येतो. नवा रोलर बिजागरीच्या नळीत घालून, चाक रुळात बसवून, स्क्रू पुन्हा आवळावेत आणि मगच पुढच्या बिजागरीकडे वळावे. सर्वांत वरच्या दोन रोलरांचे ब्रॅकेट सोडण्यापूर्वी त्यांच्या मूळ जागेवर पेन्सिलीने खूण करावी, कारण वरची फळी चौकटीला घट्ट टेकते की नाही, हे त्यांच्या जागेवर ठरते.

बिजागऱ्या दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. प्रत्येकीवर आकडा ठोकलेला असतो. कडेच्या बिजागऱ्यांत सर्वांत खालच्या सांध्यावर १, त्याच्या वर २, मग ३ असा क्रम चढत जातो आणि मधल्या सर्व बिजागऱ्या १ क्रमांकाच्या असतात. उभा रूळ वर जाताना चौकटीपासून किंचित दूर सरकत जातो, जेणेकरून खाली येणारा दरवाजा शेवटच्या क्षणी चौकटीला टेकावा आणि त्याआधी घासला जाऊ नये. वाढत्या आकड्याची बिजागरी रोलरला तेवढेच जास्त अंतर देते. जुन्या घरांत मागील कुणीतरी हाताला लागेल ती बिजागरी बसवलेली असण्याची शक्यता असते. दरवाजा वर्षानुवर्षे एकाच जागी अडत असेल तर रूळ ठोकून सरळ करण्याआधी हे आकडे वाचून पाहावेत. रंगाच्या थरांखाली ते झाकले गेले असतील तर रंग कोरडा घासू नये, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. तो ओला करून खरवडावा आणि कचरा गोळा करून टाकावा.

लाकडी दरवाजात स्क्रूचे भोक ढिले झालेले असेल तर अधिक जाड स्क्रू ठोकून तात्पुरते भागते, पण लाकूड पुढे चिरते. त्याऐवजी भोक थोडे मोठे करून त्यात लाकडाचा गोंद लावलेली खुंटी ठोकावी आणि गोंद वाळल्यावर नव्याने भोक पाडावे. गोंद वाळण्यासाठी हवेत काही किमान ऊब लागते, हे डब्यावर वाचून घ्यावे. गोठणबिंदूखाली केलेली ही डागडुजी टिकत नाही.

तळाची रबरी पट्टी

थंड प्रदेशात ही पट्टी सर्वांत आधी निकामी होते. प्लॅस्टिकची स्वस्त पट्टी थंडीत लाकडासारखी कडक होते, जमिनीला नीट टेकत नाही आणि शेवटी दुमडीवर चिरते. ईपीडीएम जातीचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहत असल्याने तेच निवडावे. बहुतेक धातूच्या दरवाजांच्या तळाशी ॲल्युमिनियमची खाच असते आणि तिच्यात पट्टीच्या कडा सरकवल्या जातात. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा कापून तो नमुना म्हणून दुकानात न्यावा, कारण खाचेचे आकार निरनिराळे असतात. नवी पट्टी घरात उबेला ठेवून सैल करावी, खाच घासून स्वच्छ करावी, साबणाचे पाणी लावावे आणि एकाने भरवत, दुसऱ्याने ओढत ती पट्टी आत घालावी. एकट्याने हे काम करू नये, कारण पट्टी मध्येच गोळा होते. दोन्ही टोकांना दोन-तीन सेंटीमीटर जास्तीची पट्टी ठेवावी. जुन्या लाकडी दरवाजांना पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असते. ती काढल्यावर आधी लाकडाची खालची कड तपासावी आणि कुजलेली नसल्यास कोरडी करून रंगवावी. दरवाजा ओल पितो तो मुख्यतः या न रंगवलेल्या कडेतूनच.

एका कोपऱ्यात फट राहत असेल तर दरवाजा वाकडा आहे, असे लगेच मानू नये. जमिनीतील पाणी गोठून फुगल्याने काँक्रीटची फरशी उचलली जाते किंवा खचते. दरवाजाच्या वरच्या कडेवर पातळीमापक ठेवून पाहावे. दरवाजा समतल असेल तर दोष फरशीत आहे, आणि तिथे अधिक फुगीर पट्टी किंवा फरशीवर चिकटवण्याची रबरी पट्टी उपयोगी पडते. केबल आवळून दरवाजाच तिरपा करणे हा उपाय नव्हे.

पट्टी बर्फाने फरशीला चिकटली असताना मोटर चालवल्यास पट्टी फाटते किंवा वरच्या फळीतील मोटरचे ब्रॅकेट उपटून येते. गरम हवेच्या यंत्राने किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने बर्फ सोडवावा. उकळते पाणी ओतू नये, ते पुन्हा गोठते. हिवाळ्याच्या सुरुवातीला पट्टीवर सिलिकॉनचा हलका फवारा मारून ठेवला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. बाजूंच्या आणि वरच्या चौकटीवरील पट्ट्या बदलणे सोपे असते. त्या दरवाजाला फक्त स्पर्श करतील इतक्याच दाबून ठोकाव्यात, नाहीतर त्याच दरवाजाला अडवतात.

रूळ, वंगण आणि अखेरची चाचणी

रुळांत ग्रीस भरू नये. थंडीत ते मेणासारखे घट्ट होते आणि त्यात अडकलेली वाळू रोलर झिजवते. रूळ कापडाने पुसून कोरडे ठेवावेत. वंगण लागते ते बिजागऱ्यांच्या सांध्यांना, रोलरच्या बेअरिंगना आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांना. त्यासाठी थंडीत पातळ राहणारे सिलिकॉनचे किंवा पांढऱ्या लिथियमचे फवारे घ्यावेत. गंज सोडवण्याचे सर्वपरिचित द्रव वंगण म्हणून टिकत नाही. गाडीबरोबर येणारे मीठ तळाच्या ब्रॅकेटवर आणि केबलच्या शेवटच्या हातभर भागावर साचते, म्हणून तो भाग अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन पुसावा. केबलचा एक जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला, तर तिला हात न लावता कारागिराला बोलवावे.

सर्व भाग बसवल्यावर दरवाजा आधी हाताने दोन-तीन वेळा पूर्ण वर-खाली करावा, कमरेच्या उंचीवरची तोलाची चाचणी पुन्हा घ्यावी आणि मगच मोटर जोडावी. मोटरचा जोर पूर्वी झिजलेल्या रोलरांमुळे वाढवून ठेवलेला असेल तर तो आता कमी करावा. दरवाजाच्या वाटेत सुमारे ४ सेंटीमीटर जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दरवाजा खाली सोडावा: फळीला टेकताच तो उलट फिरला पाहिजे. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या, जमिनीपासून १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नसलेल्या प्रकाशसंवेदकांपुढे काठी धरून तीच अपेक्षा तपासावी. अमेरिकेत घरगुती मोटरांना अडथळा ओळखणारी अशी व्यवस्था १९९३ पासून सक्तीची आहे. ज्या मोटरला ती अजिबात नाही, तिच्यासाठी नवे सुटे भाग शोधत बसू नये, ती काढूनच टाकावी.