काळ्या गाडीवरचे बारीक चरे काढताना या चुका टाळा

काळी किंवा गडद निळी गाडी दुपारच्या उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी कडी दिसू लागतात. हे चरे मुळात गोल नसतात. ते सर्व दिशांना गेलेले असतात, परंतु त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि म्हणून सूर्याभोवती किंवा दिव्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही असे चरे कमी नसतात. फक्त तिथे ते रंगाच्या उजेडात लपून जातात.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, ज्याची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी असते. बारीक चरे याच थरात असतात. पॉलिश केल्याने चरा भरून येतो असे बहुतेकांना वाटते, आणि पुढच्या बऱ्याच चुका या समजुतीतूनच होतात. वास्तविक पॉलिशमधले बारीक खरखरीत कण चऱ्याच्या भोवतालचा थर खाली उतरवतात आणि पृष्ठभाग सपाट झाला की चरा दिसेनासा होतो. उतरवलेला थर परत मिळत नाही, त्यामुळे कमीत कमी घासून काम भागवणे यातच खरे कौशल्य आहे.

चऱ्याची खोली न पाहता घासायला सुरुवात करणे ही पहिली चूक. चऱ्यावर थोडे पाणी सोडावे. तो ओला असेपर्यंत नाहीसा झाला तर तो वरच्या थरातच आहे असे समजावे. काळ्या रंगावर असा चरा पांढरट दिसतो, त्यामुळे रंग निघाल्याची भीती उगाच वाटते. याउलट नख अडकत असेल किंवा ओल्या चऱ्यातही राखाडी प्रायमर दिसत असेल, तर पॉलिशच्या नादी न लागता टच-अप रंग किंवा पेंटरच गाठावा. भिंतीला किंवा दुसऱ्या वाहनाला घासून त्यांचाच रंग गाडीवर बसलेला असतो, हाही प्रकार पुष्कळदा आढळतो. तो चरा नव्हेच.

गाडी नुसती धुऊन लगेच पॉलिश लावणे हे तितकेच नुकसानकारक आहे. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून हलकेच फिरवावा. खरखर जाणवली तर ब्रेकच्या धुळीतले लोहकण किंवा जवळच्या बांधकामाची सिमेंटची धूळ अजून चिकटलेली आहे, आणि ती क्ले बारने, म्हणजे घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर शाम्पूच्या पाण्यात सरकवत, काढल्याखेरीज पुढे जाऊ नये. खाली पडलेला क्ले पुन्हा वापरू नये.

टूथपेस्टचा घरगुती उपाय सर्वत्र सांगितला जातो. तिच्यातले कण दातांसाठी असतात, क्लिअर कोटसाठी नव्हेत. तोच न्याय भांड्यांच्या घासणीला.

सर्वाधिक हानी मात्र घाईने वापरलेल्या कंपाउंडमुळे (पॉलिशपेक्षा भरड पेस्टमुळे) आणि मशीनमुळे होते. गाडीच्या एका कोपऱ्यात फूटभर जागा निवडून तिथे प्रथम सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅड वापरून पाहावे, आणि तेवढ्याने भागले नाही तरच भरड कंपाउंडकडे वळावे. एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी मशीन नवशिक्याच्या हाती देऊ नये, कारण त्याने एका जागी उष्णता साठते आणि काळ्या रंगावर पंख्यासारखे पट्टे उमटतात, ज्यांना कारागीर होलोग्राम म्हणतात. ड्युअल अॅक्शन मशीन, ज्यात पॅड फिरता फिरता डोलतो, संथ असले तरी चुका पोटात घालते. दरवाजांच्या कडा व बॉनेटवरच्या उठावदार रेघा येथे थर पातळ असतो, म्हणून त्यांवर आधीच मास्किंग टेप लावावी. प्लास्टिकचा बंपर उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे तिथे दाब आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून भुकटी होते. असे होऊ लागले तर आणखी पॉलिश न ओतता गाडी सावलीत घ्यावी आणि पॅड ब्रशने साफ करावा. कंपाउंडनंतर धूसरपणा उरला, तर तो कंपाउंडनेच आलेला आहे हे ओळखून बारीक पॉलिशवर यावे.

निकाल पाहण्यातही फसगत होते. पॉलिशमधले तेल चऱ्यांत बसते, गाडी आरशासारखी दिसते आणि दोन-चार वेळा धुतल्यावर सारे चरे परत येतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून एलईडी टॉर्च तिरकी धरून पाहावी, आणि समाधान झाल्यावरच वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग करावे. चरे तसेच ठेवून कोटिंग केले तर ते कोटिंगखाली कायम राहतात.

इतके करूनही सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीतल्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जात असतील, तर महिन्याभरात तीच कडी पुन्हा दिसतील. रोज पुसायला येणाऱ्याला काच आणि आरसे एवढेच पुसायला सांगावे. आठवड्यातून एकदा गाडीवर भरपूर पाणी सोडून, दोन बादल्या (एक शाम्पूची, एक कापड खळबळण्याची) आणि मायक्रोफायबर घेऊन, वरून खाली धुवावे. चाकांचे कापड वेगळे असावे. बोअरचे पाणी पत्र्यावर वाळू देऊ नये. त्याचे पांढरे डाग पडलेच, तर ते घासण्याऐवजी पाणी घातलेले व्हिनेगर क्षणभर लावून लगेच धुऊन टाकावे.