भिंतीवरच्या कॅलेंडरवरून पोरांना जगातले धर्म कसे शिकवायचे

धर्मांची ओळख म्हटली की वहीत चार रकाने पडतात: धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात, विसरतात. शिवाय तो तक्ता खराही नाही. हिंदू धर्माच्या ओळीत संस्थापक म्हणून कोणाचं नाव लिहाल? ज्यू धर्मासाठी अब्राहम लिहायचा की मोशे? आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजाचं काय? त्यांचा धर्म गाण्यांत आणि आठवणीत आहे, पोथी नाही, म्हणून त्यांना ओळच मिळत नाही. नंदुरबार जिल्हा आपल्याच खानदेशात असताना असा तक्ता पोरांच्या हाती देणं मला पटत नाही.

मी भुसावळला वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. रेल्वेचं गाव, त्यामुळे वर्गात सगळ्या घरांतली पोरं. तिथे उपयोगी पडलं ते स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर. घरी आई-वडिलांना, आजी-आजोबांनाही हे जमेल. आठवी-नववीचं पोर असेल तर उत्तमच.

एक वही करा. कॅलेंडरवर सण आला की त्याला एक पान द्या आणि पोराला चार गोष्टी शोधायला सांगा. त्या दिवशी काय घडलं असं ते लोक मानतात? त्या दिवशी ते काय करतात, काय खातात, काय सोडतात? त्यावरून देव, माणूस आणि मरण याविषयी त्यांचं म्हणणं काय आहे? आणि सणाची तारीख दरवर्षी का सरकते? पान झालं की त्या धर्माच्या माणसाला वाचून दाखवायचं. तो “हो, आमच्यात असंच आहे” म्हणाला, तरच पान पक्कं. ही अट सोडू नका.

सुरुवात रमजानपासून करा, कारण सरकणं तिथे सगळ्यात ठळक दिसतं. दोन-तीन वर्षांची जुनी कॅलेंडरं शेजारी ठेवा. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. आपण अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते. इस्लाममध्ये अधिक महिना घालायला कुराणातच मनाई आहे, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात रोजा म्हणजे दिवसभर पाण्याचा घोटही नाही, हे पोराला नीट कळू द्या. मग मागे जा. इ.स. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत हजरत मुहम्मद पैगंबरांना पहिलं ईश्वरी वचन मिळालं, ते रमजान महिन्यात, अशी श्रद्धा आहे. ६२२ मध्ये ते मक्का सोडून मदिनेला गेले. हिजरी सन त्या स्थलांतरापासून मोजतात. देव एकच, त्याला आकार नाही, त्याच्यापुढे सगळी माणसं सारखी आणि मरणानंतर प्रत्येकाचा हिशेब. श्रद्धेची साक्ष, नमाज, जकात, रोजा आणि हज या पाच गोष्टी त्यातूनच येतात. साठवलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा गरिबांना द्यायचा, ही जकात पोरांना फार लवकर समजते, कारण तिथे गणित आहे.

बकरी ईदच्या पानावर देवासाठी मुलाचा बळी द्यायला तयार झालेले इब्राहिम येतात आणि इथून तीन धर्म एका धाग्यात दिसायला लागतात. ज्यूंचा अब्राहम तोच. इजिप्तच्या गुलामीतून मोशेने आपल्या लोकांना बाहेर काढलं, त्याची आठवण म्हणजे वल्हांडण. त्या दिवसांत ते बिनखमिराची भाकरी खातात, कारण निघायच्या घाईत पीठ आंबायला वेळच नव्हता. तोराह हा त्यांचा मूळ ग्रंथ, आणि देवाने आपल्या लोकांशी केलेला करार हा त्यांच्या श्रद्धेचा कणा. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. तरी धर्म टिकला, कारण तो घरात, शनिवारच्या विश्रांतीत आणि ग्रंथाच्या वाचनात मुरलेला होता. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा चालवायचे, पण शनिवारी बंद. शेकडो वर्षं मराठी बोलत त्यांनी तो एक वार सांभाळला, हे मला फार मोठं वाटतं.

येशू स्वतः ज्यू होते आणि वल्हांडणासाठीच जेरुसलेमला आले होते. तिथे रोमन सुभेदार पिलाताच्या काळात त्यांना क्रुसावर चढवलं. तिसऱ्या दिवशी ते उठले, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. देवाने माणसाचं रूप घेऊन माणसाचं पाप आपल्या अंगावर घेतलं, असं ते मानतात. म्हणून मोठा सण खरं तर ईस्टर. वल्हांडण चंद्रावर चालतं, म्हणून ईस्टरही चंद्राला बांधलेला: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. नाताळ मात्र २५ डिसेंबरलाच येतो. बायबलमध्ये ती तारीख नाही, ती पुढे ठरली. आमच्या भागात नवापूरकडची आदिवासी ख्रिस्ती कुटुंबं ईस्टर कसा करतात, ते तुमच्या ओळखीत कोणी असेल तर जरूर विचारा.

बुद्ध पौर्णिमेचं पान घरात बसून लिहू नका. जळगावहून अजिंठा जवळ आहे, सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. सगळी लेणी बघायची घाई नको, दोनच नीट बघा. दहावं लेणं आधी. ते इसवी सनापूर्वीचं. आत खांबांची रांग, टोकाला स्तूप, आणि त्या स्तूपावर बुद्धांची मूर्ती नाही. लोकांनी त्याच स्तूपाला प्रदक्षिणा घातली. मग सव्विसाव्या लेण्यात जा, ते पाचव्या शतकातलं. तिथे स्तूपावरच बुद्ध कोरलेले आहेत, आणि डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची, म्हणजे बुद्धांच्या शेवटच्या क्षणाची, भलीमोठी मूर्ती: उजव्या कुशीवर झोपलेले बुद्ध, उशीवर डोकं, खाली शोक करणारे शिष्य. पोराला विचारा, मधल्या पाच-सहाशे वर्षांत काय बदललं असेल? धर्म एका दिवसात पूर्ण होत नाही, काळाबरोबर वाढतो, हे त्याला तिथे डोळ्यांनी दिसतं. मग चार आर्यसत्यं सांगा: दुःख आहे, तृष्णा हे त्याचं कारण आहे, ते थांबवता येतं, आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. सृष्टी निर्माण करणाऱ्या देवाची इथे गरज पडत नाही. त्याच पानावर १४ ऑक्टोबर १९५६ लिहा. त्या दिवशी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. महाराष्ट्रातला आजचा बौद्ध धर्म तिथून उभा राहिला, लेण्यांइतकाच तोही इतिहास आहे.

दिवाळीला दोन पानं ठेवा, एक हिंदू घरांचं आणि एक जैन घरांचं. जैन घरांत ती भगवान महावीरांच्या निर्वाणाची आठवण असते. महावीर चोविसावे तीर्थंकर, पहिले नव्हेत, हे स्पष्ट सांगा. अहिंसा तर खरीच, पण अनेकांतवादही सांगा: सत्याला अनेक बाजू असतात आणि एका माणसाला सगळ्या दिसत नाहीत. पर्युषणाच्या शेवटी शेजारचे जैन काका “मिच्छामि दुक्कडम्” म्हणतात, तेव्हा ते वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत असतात.

कार्तिक पौर्णिमेला गुरू नानक जयंती. त्यांचा जन्म १४६९ चा. एक ओंकार म्हणजे देव एकच, कष्टाची कमाई, वाटून खाणं, आणि लंगरमध्ये सगळ्यांची एकच पंगत. मराठी पोराला इथे एक गोष्ट अभिमानाने सांगा: गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंहांनी त्याच ग्रंथाला गुरुपद दिलं.

हिंदू धर्म एका पानात मावणार नाही, प्रयत्नही करू नका. ऋग्वेदातली सूक्तं, उपनिषदांतला आत्म्याचा शोध, गीतेतला कर्माचा विचार, मुक्ताईची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते ती भक्तीची वाट, आणि श्रावणात बसणारी आपली खानदेशी देवी कानबाई, हे सगळं एकाच घरात नांदतं. कानबाईपासूनच सुरू करा. नारळाला नथ आणि डोळे लावून देवी बसते, रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, माणशी सव्वा मूठ धान्य निघतं, भाऊबंद गोळा होतात, बाया रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात. पोर रोट खाताना विचारेल, हे कोणत्या पोथीत आहे? पोथीच्या आधीही धर्म होता, हे उत्तर तिथेच द्या. मग अक्कलकुव्याजवळच्या काठी गावची आदिवासी होळी आणि आदिवासींच्या याहामोगी मातेची महाशिवरात्रीची यात्रा यांना त्यांचं स्वतंत्र पान द्या, हिंदू पानाच्या तळाशी टीप म्हणून नको.

पारशांचं पान छोटं झालं तरी चालेल: प्रेषित जरथुष्ट्र, देव अहुर मज्द, पवित्र अग्नी, आणि चांगला विचार, चांगला शब्द, चांगली कृती. त्यांच्या शहेनशाही पंचांगात लीप वर्षाचा दिवस नाही, म्हणून त्यांचं नववर्ष सरकत सरकत ऑगस्टात आलं. चीनचे कन्फ्यूशियस आणि ताओ, जपानचा शिंतो हे दहावीनंतर.

फाटाफूट लपवू नका. पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाचं, यावरून शिया-सुन्नी वेगळे झाले आणि ६८० मध्ये करबलाला पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर पोपच्या चर्चविरुद्ध उभा राहिला. जैनांत श्वेतांबर-दिगंबर, बौद्धांत हीनयान-महायान, हिंदूंत शैव-वैष्णव. पोरं बातम्या ऐकतात, त्यांना सगळं गोड करून सांगितलं तर उरलेलंही ती खोटं मानतात.

वर्षाअखेरीस एक दिवस बऱ्हाणपूरला काढा. भुसावळहून रेल्वेने तासाभराचा रस्ता. आपल्या खानदेशाची ही जुनी राजधानी आज मध्य प्रदेशात आहे. तिथल्या जामा मशिदीत फारुकी राजाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला. त्यात देवाला अव्यक्त, व्यापक, नित्य म्हटलं आहे आणि काळ शके १५११ असा दिला आहे. पोराला तो आकडा आधी सांगू नका, लेख दाखवा आणि इसवी सन काढायला लावा. त्याच दिवशी गुरू गोविंदसिंहांच्या मुक्कामाची आठवण सांगणारा बडी संगत गुरुद्वारा आणि बोहऱ्यांची दर्गा-ए-हकिमी बघून होतात. प्रत्येकाच्या पिशवीत डोकं झाकायला रुमाल ठेवा, चपला काढायला सोप्या घाला, आणि नमाजाची वेळ आधी विचारून मशिदीत त्यानंतर जा.