एफप्रिंटएफ तेच, स्ट्रीम मात्र आपली

सातपूरच्या एका वर्कशॉपसाठी मशीनच्या नोंदी ठेवणारा सी प्रोग्राम लिहीत होतो. मालकांना प्रत्येक ओळीपुढे वेळ हवी होती, आणि फाइलमध्ये मजकूर लिहिणारं एफप्रिंटएफ तर पन्नास ठिकाणी विखुरलेलं. असं झालं की लिनक्सवर ग्लिबसीचं (तिथल्या सी लायब्ररीचं) एफओपनकुकी वापरा; आपल्याच फंक्शनांवर चालणारी स्ट्रीम, म्हणजे मजकूर ये-जा करण्याची वाट, त्यातून बनते. वाचणं, लिहिणं, जागा बदलणं, बंद करणं अशी चार फंक्शनं त्याला द्यायची (नको ती नल ठेवायची), की नेहमीसारखा फाइल पॉइंटर हातात येतो. एफप्रिंटएफ त्यावरच लिहितं, आणि वेळ जोडायचं काम आपलं लिहिण्याचं फंक्शन करतं. हेडर्सच्या आधी _जीएनयू_सोर्स डिफाइन करायला विसरू नका.

खरी मेख बफरची, म्हणजे लिहिण्याआधी मजकूर जिथे साठतो त्या तात्पुरत्या जागेची. तुमच्या लिहिण्याच्या फंक्शनकडे ओळी येत नाहीत, तुकडे येतात. ओळ मधेच तुटलेली असू शकते. म्हणून ‘नवी ओळ सुरू होतेय का’ ही खूण कुकीच्या (आपल्या फंक्शनांना दर वेळी मिळणाऱ्या आपल्या डेटाच्या) स्ट्रक्चरमध्येच ठेवा. शिवाय सेटव्हीबफने लाइन बफरिंग (ओळ संपली की बफर पुढे पाठवणं) लावा, नाहीतर नोंदी द्वारका चौकातल्या गाड्यांसारख्या अडकून बसतात. मी अर्धा दिवस रिकामी फाइल बघत होतो!

लिहिणाऱ्या फंक्शनने आलेल्यापैकी किती बाइट्स घेतले तेवढंच परत द्यावं; वेळेचे जादा बाइट्स मोजू नयेत. चूक झाली तर 0, ऋण संख्या कधीच नाही. वाचताना मात्र 0 म्हणजे फाइल संपली आणि -1 म्हणजे चूक.

मॅकवर हेच काम फनओपन करतं. मजकूर फक्त मेमरीत साठवायचा असेल तर एवढा खटाटोप नको, ओपन_मेमस्ट्रीम पुरे.