ट्रान्सवेलमध्ये पेशी खाली उतरवायच्या कशा

सूज आली की कुठली पांढरी रक्तपेशी (न्यूट्रोफिल, मोनोसाइट, इओसिनोफिल, टी सेल) कशाच्या मागे धावते हे पाठ करून डोक्यात राहत नाही, एकदा प्लेटमध्ये करून बघा. बॉयडन या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये दाखवलेली युक्ती आहे, वर पेशी, मधे बारीक भोकांचा पडदा, खाली आमिष (पेशींना ओढणारं रसायन), बस्स. ट्रान्सवेल म्हणजे याच युक्तीची तयार प्लेट, तिच्या प्रत्येक खड्ड्यात (वेल) तळाला पडदा असलेला छोटा कप (इन्सर्ट) बसतो.

आधी पेशी ठरवा, आमिष त्यावरून ठरतं. न्यूट्रोफिलला आयएल-८ नाहीतर एफएमएलपी (बॅक्टेरियाच्या प्रोटीनच्या तुकड्यासारखं पेप्टाइड), मोनोसाइटला सीसीएल२, इओसिनोफिलला इओटॅक्सिन. टी सेलला सीएक्ससीएल१० लावणार असाल तर त्या आधी अ‍ॅक्टिव्हेट करा, नाईव्ह (अजून अ‍ॅक्टिव्हेट न झालेली) टी सेल ढुंकूनही बघत नाही कारण तिच्यावर ते आमिष पकडणारा रिसेप्टरच नसतो.

भोक न्यूट्रोफिलला ३ मायक्रॉन, मोनोसाइटला ५. पेशी याहून मोठी असते, तिने अंग चोरून जायचं हीच तर टेस्ट आहे, ८ चं घेतलंत तर न्यूट्रोफिल आपसूक गळतात आणि रिझल्ट मस्त दिसतो, फक्त खोटा असतो.

२४ वेलच्या प्लेटला खाली ६०० मायक्रोलिटर, वर १००. इन्सर्ट तिरका धरून सोडा. माझ्या तीनपैकी एका वेलमध्ये कायम शून्य यायचं, आठवडाभर पेशींना शिव्या घातल्या, शेवटी वाकून बघितलं तर पडद्याखाली बुडबुडा.

आता डोस. इथे सगळे फसतात, जास्त घातलं की जास्त येतील असं वाटतं पण एका पातळीनंतर आकडा उलट खाली येतो, कारण रिसेप्टर सगळीकडून भरून जातात, काही आत ओढले जातात, मग पेशीला कुठली बाजू जास्त हेच कळत नाही. एफएमएलपी १, १०, १००, १००० नॅनोमोलर असं लावा, डोंगर दिसेल.

कंट्रोल दोन हवेत. खाली नुसतं मीडियम (पेशी ठेवायचा द्रव, आमिष नाही) हा सगळेच ठेवतात, पण वर आणि खाली सारखंच आमिष असलेला वेल पण ठेवा. तिथेही तेवढ्याच पेशी उतरल्या तर त्या आमिषाकडे गेल्या नाहीत, नुसत्या चेकाळून इकडेतिकडे पळाल्यात.

न्यूट्रोफिलला तासभर पुरतो, टी सेलला तीनेक तास द्या. मोजताना फक्त खालचं पाणी घेऊ नका, बऱ्याच पेशी पडद्याच्या खालच्या अंगाला चिकटून बसतात, थोडं ईडीटीए (पेशींची पकड सोडवणारं रसायन) घालून प्लेटला हलकी टिचकी मारली की सुटतात.