खोली किरायाने देण्याआधी: किरायेदाराच्या चौकशीची तयारी

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. बदलून आलेले शिक्षक आणि बँकेचे कर्मचारी त्याआधीच, मे-जूनमध्ये खोली शोधत फिरू लागतात. जिनिंगवरचे (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातले) फिटर आणि बाहेरचे मजूर येतात ते दिवाळीच्या आगेमागे. या दोन्ही वेळांच्या पंधरा दिवस आधी तुमचे कागद तयार हवेत, कारण माणूस सामानाची गाडी घेऊन दारात उभा राहिला की ‘थांबा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

सुरुवात स्वतःच्या कागदांपासून करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (घराच्या कर आकारणीची नोंद), यंदाच्या घरपट्टीची पावती आणि शेवटचं वीजबिल एका फाईलमध्ये ठेवा. घर अजून वडिलांच्या नावावर असेल किंवा भावाभावांत सामाईक असेल, तर बाकीच्यांची लेखी संमती आधीच घ्या. किराया कोणाच्या हातात द्यायचा यावरून भावांत तणतण झाली की तेच निमित्त करून किरायेदार दोघांनाही पैसे देत नाही.

मग एका कोऱ्या कागदावर रकाने आखा: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, तालुका, तिथलं पोलीस ठाणं, स्वतःचा फोन, घरच्या एका माणसाचा फोन, काम कुठे, आधी कुठे राहत होते, सोबत कोण कोण राहणार आणि त्यांची वयं, गाडीचा नंबर. हा कागद त्यांनाच भरू द्या, खाली सही आणि तारीख घ्या.

आधार कार्डाची नुसती झेरॉक्स घेऊन भागत नाही. झेरॉक्सवर फोटो बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. मूळ कार्ड मागा आणि त्यावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अ‍ॅपने स्कॅन करा. नाव, पत्ता आणि फोटो मोबाइलवर उघडतात. फोटो समोरच्या माणसाशी ताडून पाहा. झेरॉक्स ठेवलीच तर त्यावर ‘फक्त खोलीच्या करारासाठी’ असं लिहून तारीख टाका. त्यांचा कागद दुसरीकडे वापरला जाणार नाही एवढी काळजी आपणही घ्यायची.

नोकरीची खात्री करताना किरायेदाराने दिलेल्या ‘साहेबां’च्या नंबरवर विसंबू नका. शाळा, बँक किंवा कारखाना जवळच असतो, जाऊन विचारा. आधीच्या घरमालकाला फोन केला तर ‘माणूस कसा आहे?’ हा प्रश्न फुकट जातो, उत्तर चांगलंच येणार. त्यापेक्षा विचारा: खोली किती महिने होती, वीजबिल कोण भरत होतं, डिपॉझिटमधून काही कापलं का, खोली कोणत्या महिन्यात सोडली. पलीकडे मित्रच घरमालक बनून बोलत असेल तर तो इथे अडखळतो.

कोर्टातल्या खटल्यांची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं. नाव इंग्रजी अक्षरांत दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. आपल्याकडे वानखडे आणि वानखेडे एकाच घरात सापडतात. नाव जुळलं म्हणून दचकू नका, वडिलांचं नाव आणि गावही जुळतं का ते पाहा. खटला असणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे; शेतीच्या बांधाचा दावा तर निम्म्या गावावर असतो. आडनावावरून जात काढत बसण्याने मात्र किराया वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. तो रकाना कागदावरही नको आणि बोलण्यातही नको.

गावाकडे कागदाची जागा ‘आपल्या ओळखीतला आहे’ हे वाक्य घेतं, आणि पुढचा बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. ओळख सांगणाऱ्याला एकच विचारा: किराया थकला तर तुम्ही भरता का भाऊ? हो म्हणाले तर हमीदार म्हणून वेगळं लिहून घ्या. करारावर साक्षीदाराची सही केल्याने कोणी हमीदार होत नाही.

ठेकेदार आठ-दहा मजुरांसाठी खोली मागतो तेव्हा चौकशी दुप्पट करा. करार ठेकेदाराच्या नावे, पण आधार प्रत्येक मजुराचं पाहा आणि माणसांचा आकडा करारात टाका. साइट संपली की ठेकेदाराचा फोन बंद होतो, मजूर मागच्या पगाराची वाट पाहत खोलीतच राहतात आणि त्यांना बाहेर काढणं तुमच्या गळ्यात पडतं. अशा ठिकाणी तीन महिन्यांच्या किरायाएवढं डिपॉझिट जास्त नाही.

खोली कशासाठी हवी हे स्पष्ट लिहा. घरगुती मीटरवर पुढच्या खोलीत दुकान थाटलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही तर आधीचे १२ महिने धरतात. बिल ज्याच्या नावावर मीटर त्यालाच येतं. गोदामासाठी जागा देताना शटरची एक किल्ली मागू नका, पण महिन्यातून एकदा, आधी सांगून, आत पाहण्याची अट टाका. गुटखा, एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या, मंजुरी नसलेल्या) कपाशीचं बियाणं, आणि वर्धा-गडचिरोलीत दारू, हा माल अनेकदा ‘खताच्या पोत्यां’च्या नावाखाली येतो. छापा पडला की पोलीस आधी घरमालकाचंच नाव विचारतात.

नोटरी केलेला स्टँप पेपर म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदार सांगेल तेच धरलं जातं. खर्चाला घाबरण्यासारखं काही नाही. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या) कराराचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, महिना ३,००० किराया, १०,००० परतीचं डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर हिशेब शंभराच्या आत येतो. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, शिवाय करून देणाऱ्याची मजुरी. ऑनलाइन नोंदणीला आधारवरून अंगठा लागतो आणि शेतात राबलेल्या हाताचा ठसा हटकून जुळत नाही. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून पाहा. तरीही अडलं तर आधी आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्या. यात आठ-पंधरा दिवस जातात, म्हणून हे काम आधी उरका.

पोलिसांना माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर किंवा ठाण्यात देता येते. जिल्ह्यात तसा आदेश निघाला असेल तर ती देणं बंधनकारकच असतं. पोचपावती घ्या आणि गावच्या पोलीस पाटलांच्याही कानावर घाला. ही पोच म्हणजे चालचलणुकीचा दाखला नाही, तुम्ही कळवलं एवढाच तो पुरावा. मजूर बदलले की नवी नावं पुन्हा कळवा.

किल्ली द्यायच्या दिवशी मीटरचं रीडिंग, नळ, पंखा, टिनाची गळकी जागा यांचे फोटो दोघांच्या मोबाइलवर घ्या. कूलरच्या विजेचं आणि पाण्याचं त्याच वेळी ठरवून करारात लिहा. मे महिन्यात तो रात्रंदिवस चालतो.